फ्लॅशचा जोर उतरवताना

कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा जोर कमी-जास्त करता येतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर माझी समजूत अशी की फ्लॅश म्हणजे ओसरीतला बल्ब. लावला की लागतो, बंद केला की विझतो, मधलं काही नाही. पुतणीच्या लग्नाआधी हे कळलं म्हणून बरं, नाहीतर त्या लग्नात तिचा एकही फोटो निघाला नसता. आता ते फोटो काढून बघायला बसले की आधी सुटल्यासारखं वाटतं. कौतुक वगैरे मागाहून.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. दोन भावांची दोन घरं, पण अंगण एक आणि गोठाही एक. पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या दिराची मुलगी. मला मोठ्याई म्हणते. माझा मुलगा शिकायला म्हणून पुण्याला गेला तो तिकडचाच झाला, त्यामुळे घरात माझ्याशी भांडायला हीच एक उरली होती.

शाळेत असताना तिच्या डोळ्याच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका आला. कोड. लोक आमच्यासमोर 'डाग' म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात ते त्यांचं त्यांना माहीत. मला तो आडपडदा आवडत नाही. कोड आहे तर कोड म्हणावं. ठिपका पसरत डोळ्याभोवती फिरला, मग ओठांच्या कोपऱ्यावर आला, हनुवटीवर आला, दोन्ही हातांच्या बोटांवर आला. नगरचे डॉक्टर झाले, मलमं झाली, कुणीतरी सांगितलेली पथ्यं झाली. एक दिवस तिनेच सांगितलं की आता बास. फार्मसी शिकली, सुप्याला एका मेडिकलमध्ये कामाला लागली. दिवसभर काउंटरवर उभी राहते, तोंडाला ओढणी बांधत नाही, कुणी टक लावून बघितलं तर सरळ विचारते, "काय पायजे?"

एवढी धीट पोरगी, पण कॅमेरा दिसला की उठून आत जायची. आरशाचं तिला काही नव्हतं, माणसांचं नव्हतं. फोटोचं होतं, आणि ते उगाच नव्हतं. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा तिचा फोटो मी पाहिलाय. समोरून फ्लॅश मारल्यामुळे जिथे कोड तिथे नुसता चुना फासल्यासारखा पांढरा पट्टा, आणि बाकीचा चेहरा काळवंडलेला. डोळ्याची पापणीही त्या पांढऱ्यात गेलेली. प्रत्यक्षात तिचा चेहरा तसा नाही. प्रत्यक्षात कडा हलक्या आहेत, पांढऱ्या भागावर गुलाबी छटा आहे, हसली की तिथेही सुरकुती पडते. रोज बघणाऱ्याला ते वेगळं म्हणून दिसतही नाही.

लग्न जमलं ते नीट जमलं. मुलगा श्रीगोंद्याकडचा, पोल्ट्री आहे त्यांची. औषध न्यायला येता-जाता त्याने तिला काउंटरवरच पाहिलं होतं आणि मग घरच्यांना घेऊन मागणी घालायला आला. त्यामुळे लपवायचं, सांगायचं असं काही नव्हतंच. आम्ही सगळे खुशीत होतो. माशी शिंकली ती साखरपुड्याच्या अल्बममध्ये.

फोटोग्राफर माझ्या जावेने ठरवलेला. त्याने हॉलमध्ये इतके फ्लॅश उडवले की म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांवर हात धरले. आठ-दहा दिवसांनी अल्बम आला. अर्ध्या फोटोंत तोच चुन्याचा पट्टा. तो त्याचा त्यालाही बरा दिसला नसावा, कारण उरलेल्या फोटोंत त्याने कॉम्प्युटरवर कारागिरी केली होती. कोड पुसून टाकलं होतं. नुसतं कोड पुसून थांबला असता तरी एक वेळ समजलं असतं. त्याने अख्खा चेहराच दुधात बुडवून काढला होता. गाल गुळगुळीत, नाक बारीक, ओठ गुलाबी.

जाऊ म्हणाली, "किती छान दिसती गं."

पोरगी पानं उलटत शेवटपर्यंत गेली. अल्बम मिटला. "छान हाय," ती म्हणाली, "पन कोन हाय ही?"

आणि त्याच शांत आवाजात तिने सांगून टाकलं की लग्नात माझे फोटो नकोत. तुमचे तुम्ही काढा, पाहुण्यांचे काढा, माझा एकही नको. कुणी मोबाईल पुढे केला तर मी उठून जाईन. होणाऱ्या जावयाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, तिला नको तर नको. तो सुटला. जाऊ मात्र रडायला लागली. आमच्याकडे लग्न झालं की जोडप्याचा मोठा फोटो करून दोन्ही घरांत पुढच्या खोलीत लावतात. एकुलत्या एका पोरीचं लग्न, आणि भिंतीवर लावायला फोटो नाही, हे तिच्या पचनी पडेना. त्यात पोरगी आईचं ऐकेना आणि आई पोरीचं.

मला राग आवरत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी दोघींनाही झापलं. पोरीला म्हटलं, "ज्यानं बिघडवलं त्याच्यावर चिड ना. फोटोनं काय केलंय तुझं?"

ती म्हणाली, "मग तू काढ."

"मी?"

"दादाचा कॅमेरा पडलाय की कपाटात. मी हाय तशी दिसले पायजे. भूत न्हाई आन् भावलीबी न्हाई. हळदीच्या आधी एक काढून दाखव. जमलं तर लग्नात काढ. न्हाई जमलं तर विषय बंद, मग आईनं रडायचं न्हाई आन् तू वरडायचं न्हाई."

रागाच्या भरात मी हो म्हणून बसले. कपाट उघडून कॅमेरा हातात घेतला तेव्हा लक्षात आलं की मला तो चालूसुद्धा करता येत नाही.

कॅमेरा मुलाचा जुना. त्याने नवा घेतला तेव्हा हा इथे ठेवून गेला होता. चांगला जडशीळ आहे, पुढे भिंग, वर फ्लॅश, आणि एक बटण दाबलं की तो फ्लॅश टपकन डोकं वर काढतो. पहिल्या दिवशी त्याने डोकं वर काढलं तेव्हा मी दचकून कॅमेरा गादीवर टाकला. मुलाला फोन लावला. तो ऑफिसात, घाईत, लग्नालाही सुट्टी मिळेल की नाही याची खात्री नव्हती. म्हणाला, "आई, ऑटोवर ठेव आणि दाब. सगळं तोच करतो."

सगळं तोच करतो, ही तर अडचण होती. ओसरीत जावेला बसवून पाच-पन्नास फोटो काढले. सगळ्यांत तिचं कपाळ तव्यासारखं चमकत होतं आणि मागची खोली अंधारात बुडालेली. फ्लॅश बंद केला तर फोटो हललेला, जावेला दोन नाकं. लग्नाचं कार्यालय पाहिलं होतं मी. दिवसासुद्धा आत उजेड कमी, त्यामुळे फ्लॅशवाचून निभणार नव्हतं. मुलाने रात्री फोन करून समजावलं, "आई, फ्लॅश बंद नाही करायचा, उतरवायचा. विजेच्या बाणाचं चित्र दिसतंय का? ते दाबून धर आणि चाक फिरव." पडद्यावर एक पट्टी आली. मध्ये शून्य, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. उण्याकडे सरकवत गेलं की फ्लॅश मवाळ होतो.

मला इतका आनंद झाला की मी लगेच जावेला उठवायला निघाले होते. मग आठवलं, तिच्यावर शिकून उपयोग काय? तिचा चेहरा एकरंगी. तिचं कपाळ चमकायचं थांबलं म्हणजे पोरीचा चेहरा नीट येईल असं थोडंच? एकाच चेहऱ्यात सावळंही आहे आणि पांढरंही. सावळ्याला पुरेल एवढा उजेड टाकला की पांढरं जळतं, पांढरं वाचवायला गेलं की सावळं बुडतं. हे जमवायचं तर सराव तिच्यावरच करायला हवा, आणि तिच्यावर सराव करण्याची तर मुभा नव्हती. एकच फोटो, तोही जमलेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धारेला बसले होते. समोर आमची काळी-पांढरी एचएफ जातीची गाय रवंथ करत उभी. पाठीवर काळं, पोटावर पांढरं, मानेवर काळ्यात पांढरा नकाशा. मी सडाला हात लावून तशीच थांबले. मनात आलं ते आलं. लगेच स्वतःची लाज वाटली. पोरीच्या तोंडाची बरोबरी कशाशी करतेस, म्हणून मनातल्या मनात स्वतःलाच चार शब्द सुनावले. धार काढून झाली, दूध गाळलं, कॅन भरला. आणि मग घरात जाऊन कॅमेरा घेऊन आले. लाज होती, पण लग्न पंधरवड्यावर आलं होतं आणि अंगावर दोन रंग असलेलं दुसरं कुणी मला आयतं उभं राहणार नव्हतं.

पहिल्या फोटोत गाईची पाठ छान, केस न् केस दिसणारा, आणि पोट म्हणजे नुसता कोरा कागद. तोच चुन्याचा पट्टा. मला आनंदच झाला. जी खोड मोडायची ती समोर आली होती. पट्टी एक घर उण्याकडे सरकवली, पुन्हा काढला. कागद जरा मळला. आणखी एक घर. आता पांढऱ्यावरही केसांची दिशा दिसायला लागली. आणखी उतरवला तर पाठ अंधारात गेली.

असे किती फोटो काढले त्याचा हिशेब नाही. रोज संध्याकाळी धार झाली की, पोरगी सुप्याहून परतायच्या आत, कॅमेरा काढायचा. हळूहळू यंत्राचा स्वभाव कळत गेला. समोर काळं जास्त असलं की त्याला वाटतं, फारच अंधार आहे बुवा, आणि तो हात सैल सोडून उजेड ओततो. समोर पांढरं जास्त असलं, म्हणजे गाय चुन्याच्या भिंतीपुढे उभी असली, की तो हात आखडता घेतो. म्हणजे त्याचं ऐकायचं नाही. मागे काय आहे ते आपण बघायचं आणि तो जे करेल त्याच्या थोडं उलट आपण करायचं. हा उलटेपणा मला लगेच जमला.

एक गोष्ट मात्र उतरवूनही जाईना. फ्लॅश कमी केला तरी पांढऱ्या भागाच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या यायच्या. पोरीच्या कडा तशा नाहीत. मुलाला विचारलं तर तो म्हणाला की फ्लॅशपुढे लावायला एक पांढरी टोपी मिळते, मी पाठवतो. ती येईपर्यंत थांबायला वेळ कुठे होता? दूध गाळायचं धुतलेलं फडकं दोरीवर वाळत होतं. त्याची दुहेरी घडी फ्लॅशवर टाकली आणि बोटाने धरून ठेवली. उजेड गाळून आला. कडा विरघळल्या, पांढऱ्यात गुलाबी दिसलं, गाईच्या सडाजवळ असतं तसं. मी गोठ्यात एकटीच हसले.

गाईला मात्र हे सगळं पसंत नव्हतं. पहिले काही दिवस तिने सोसलं, मग एका सकाळी पान्हाच चोरला. बादली निम्मी. आमचे हे दूध घालायला निघाले होते, त्यांनी कॅन उचलून बघितला.

"गाय आजारी हाय का?"

"न्हाई."

"मग तुझा फोटू आजारी पाडतोय तिला. डेअरीत काय सांगू? गाय फोटूला बसली हुती म्हनून?"

मी म्हटलं, "सांगा की." पण त्या दिवसापासून धारेनंतर तासभर थांबून मगच कॅमेरा काढायला लागले, आणि फोटो काढण्याआधी पेंड पुढे करायला लागले. यांनी दूध घालून आल्यावर एकदा पडद्यावर फोटो बघितले. बराच वेळ बघितले. "गाय बाजारात न्यायची असती तर हे कामाला आले असते," म्हणाले, आणि मग एकदम माझ्याकडे बघून थांबले. त्यांना कळलं होतं मी काय करतेय. "पोरीला दावू नको बरं का हे," एवढंच म्हणाले.

दाखवणार नव्हतेच मी. चांगले फोटो निवडून कार्ड साफ करायचं ठरवलं होतं. पण कार्ड साफ कसं करतात ते येत नव्हतं, आणि एकेक फोटो पुसताना अर्ध्यात कंटाळा आला, तेवढे राहिले. हळदीच्या तीन-चार दिवस आधी पोरगी कामावरून सुट्टी घेऊन घरी आली. मी भाकरी थापत होते. ती कॅमेरा घेऊन ओसरीत बसली आणि म्हणाली, "बघू तरी, काय काय शिकलीस."

माझे हात पिठात. मी "थांब" म्हणेपर्यंत तिने बटण दाबलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारातून तिची पाठ दिसत होती. बटणाचा टिकटिक आवाज येत होता. एक, दुसरा, तिसरा. गाईचं पोट, गाईची मान, गाईचं पोट जवळून, गाईच्या मानेवरची काळ्या-पांढऱ्याची कड. सगळे फोटो कडांचे होते. आंधळ्यालाही कळलं असतं मी काय बघत होते ते. तव्यावरची भाकरी करपली तरी मला उलटायचं सुचेना.

"ही आपली गाय ना?"

"व्हय."

"एवढे?"

काय सांगावं? खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं की गाय विकायची आहे, म्हणून काढले. पण ती लहानपणापासून माझ्यासमोर वाढलेली, तिला खोटं लगेच कळतं. मी हात न धुता दारात आले आणि सांगितलं, "मला दोन रंगांवर फ्लॅश बसवायला शिकायचं हुतं. तुझ्यावर शिकता येत नव्हतं. मग हिच्यावर शिकले."

ती उठली, कॅमेरा घेऊन आत गेली आणि दार लोटलं.

त्या वेळात मला जे वाटलं ते सांगते. मला वाटलं, संपलं. साखरपुड्याच्या फोटोग्राफरने तिचा चेहरा पुसला, आणि मी तिला जनावराच्या रांगेत उभं केलं. त्याच्यापेक्षा मीच वाईट. फोटो गेला तो गेला, आता ती माझ्याशी बोलेल की नाही, चार दिवसांवर सासरी जाणारी पोरगी मनात हे घेऊन जाईल. जाऊ विहिरीवरून आली, तिने विचारलं काय झालं, मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारला आणि माझ्याशेजारी ओसरीत बसून राहिली. दोघींनाही दार वाजवायचा धीर झाला नाही. यांचा आवाज अंगणात आला, त्यांना आम्ही खुणेनेच गप्प केलं.

दार उघडलं तेव्हा तिने कॅमेऱ्याचा पडदा माझ्यासमोर धरला. "हा बघ. ह्याच्यात पांढऱ्यावरचे केस दिसत्यात. ह्याच्या आधीच्यात न्हाई. ह्याच्यात काय केलंस?"

मी म्हटलं, "फ्लॅश उतरवला, आणि फडकं लावलं."

"कसलं फडकं?"

"दुधाचं."

तिने ओठ दाबून धरले. मला वाटलं आता रडणार. ती खाली बसली, ओढणी तोंडावर धरली, आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. हसता हसता म्हणाली, "मोठ्याई, तू त्या गाईचे एवढे फोटू काढलेस, तिनं तुला लाथ कशी न्हाई मारली?" मग जाऊ हसली, अंगणातून हे हसले. मला हसायला जमलं नाही. मी भिंतीला टेकून बसले आणि पदराने तोंड पुसलं. पदराला पीठ होतं, ते सगळं तोंडाला लागलं. त्यावर ती पुन्हा हसली.

नंतर ती आपणहून म्हणाली, "साखरपुड्यावाल्यानं माझ्याकडं एकदाबी नीट बघितलं न्हाई. नुसतं दाबत सुटला. तू गाईकडं तरी एवढं बघितलंस." त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. "चल, काढ."

ऊन उतरलं होतं. तिला ओसरीत बसवलं, मागे निळं दार. दार गडद, म्हणजे यंत्र हात सैल सोडणार. मी फ्लॅश पुरेसा उतरवला, फडकं लावलं. कॅमेरा हलू नये म्हणून कोपर खांबाला टेकवलं. एकच फोटो काढला. बघायची हिंमत झाली नाही, कॅमेरा तसाच तिच्या हातात दिला.

तिने फोटो मोठा केला. डोळा बघितला, ओठ बघितले, हनुवटी बघितली. मेडिकलमध्ये औषधाच्या पाकिटावरची तारीख बघावी तसं निरखून बघितलं. कोड होतं, जिथे आहे तिथे होतं, जेवढं आहे तेवढं. पापणी दिसत होती. चेहरा कुठे जळला नव्हता आणि कुठे बुडाला नव्हता.

"चालंल," ती म्हणाली आणि भाकरी वाढायला उठली.

एवढंच. पण मला त्या रात्री जी झोप लागली तशी कित्येक दिवसांत लागली नव्हती.

लग्नात मात्र माझी त्रेधा उडाली. अंतरपाट धरला, तो पांढराशुभ्र. यंत्राने लगेच हात आखडला आणि नवरानवरी दोघंही अंधारात गेली. घाईघाईने चाक उलटं फिरवलं. तेवढ्यात मंगलाष्टकांवर अक्षता पडायला लागल्या, आणि भिंगाजवळून जाणारा एकेक दाणा फ्लॅशमध्ये गारेएवढा पांढरा दिसायला लागला. गाईवर कुणी अक्षता टाकल्या नव्हत्या, त्यामुळे हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी मागे सरले, फ्लॅश पार खाली नेला, मुलाने फोनवर सांगितल्याप्रमाणे कॅमेऱ्याची नजर वाढवली, म्हणजे कमी उजेडातही त्याला दिसावं म्हणून असतो तो आकडा वर नेला, आणि कार्यालयाचा जेवढा उजेड होता तेवढ्यावर भागवलं. काही फोटो मळकट आले. अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचा आला तो चांगला आला. नवऱ्या मुलाकडचा एक फोटोग्राफर होता, त्याला पाहुण्यांचे फोटो काढायला सांगितलं होतं. तो दुरून माझ्या फडक्याकडे बघत होता. बघू दे म्हटलं.

दिवसभर मी तिच्यापासून अंतर राखूनच होते. 'चालंल' म्हणाली होती म्हणजे परवानगी होती, पण आपण होऊन कुणाच्या तोंडाशी जाऊन उभं राहणं मला बरं वाटेना. होम झाला, सप्तपदी झाली, सूनमुख झालं, सगळं मी चार-पाच पावलांवरून काढलं. फोटोंत ती होती, पण लहान. सासूबाई, मामा, भटजी यांच्यामध्ये कुठेतरी. मला तेवढ्यानेही समाधान होतं. जावेच्या भिंतीवर लावण्यापुरता एखादा निघाला असता.

पाठवणीच्या वेळी जीप कार्यालयाच्या दारात लागली. जाऊ रडत होती, हे उगाच टायरला लाथ मारून हवा बघत होते. पोरगी नवऱ्याशेजारी उभी होती. शालू नेसलेली, डोळे रडून लाल. मी कोपऱ्यातून एक फोटो काढला. तिने फडक्याचा उजेड बघितला आणि मान वळवली.

"मोठ्याई, सकाळपासून लांबूनच काय काढतीस?"

"तुला अडचण नको म्हणून."

"हिकडं ये. जवळून काढ." मग तिने शालूच्या पदराखालून दोन्ही हात बाहेर काढले. बोटांवर पांढरं होतं, त्यावर मेंदी होती. तिने ते नवऱ्याच्या दंडावर ठेवले, सगळी बोटं दिसतील असे. "आन् हातबी येऊ दे."

जीपवाल्याने हॉर्न दिला. मी त्याला थांब म्हणून खूण केली, पुढे होऊन फ्लॅश अजून एक घर उतरवला, आणि माझे डोळे भरून आल्यामुळे समोरचं नीट दिसत नसतानाच बटण दाबलं. फोटो आला. तिने जीपमध्ये बसता बसता पडदा बघितला आणि म्हणाली, "हा लावा."